वरकस जमिनीचे काम

धामापूरचा तलाव पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो निसर्गनिर्मितच वाटतो. डोंगर उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत आलेले असतात, काठच्या झाडांच्या फांद्या पाण्यावर ओणवलेल्या असतात आणि भगवतीच्या देवळाकडून खाली उतरणाऱ्या पायऱ्या कोणीतरी नंतर सोयीसाठी बांधल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात हा तलाव माणसाने केलेला आहे. १५३० साली विजयनगरचे मांडलिक असलेल्या नागेश देसाई यांनी दोन टेकड्यांमधली जागा मातीचा बांध घालून अडवली आणि डोंगरावरून धावत खाली जाणारे पावसाचे पाणी शेतीसाठी धरून ठेवले. तिकडे हंपीत कृष्णदेवराय जाऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि अच्युतदेवराय गादीवर स्थिरावत होता. इकडे, आजच्या मालवण तालुक्यातल्या एका गावात, पावसाळा सरल्यावर शेताला पाणी कोठून द्यायचे याची विवंचना चालू होती. मला ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण त्या बांधामागचे पाणी आजही पाटाने शेतात जाते आणि मालवण शहराच्या नळालाही पोचते. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला, तेव्हा वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली, अभिनंदनाचे फलक लागले आणि पर्यटनाच्या गोष्टी सुरू झाल्या. हे सगळे साहजिक होते. मात्र त्या कौतुकात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, अशा मुलखात डोंगराच्या पायथ्याशी बांधलेला मातीचा तलाव जवळपास पाचशे वर्षांत गाळाने भरून का गेला नाही?

या प्रश्नाचे उत्तर मला बांधात सापडत नाही, वरच्या डोंगरात सापडते. आमचे गाव याच टापूत, जरा वरच्या अंगाला आहे. आमच्या सातबाऱ्यावर भातजमीन थोडी आणि वरकस जमीन तिच्या कितीतरी पट आहे. कोकणाबाहेरच्या वाचकाला ही वरकस जमीन म्हणजे पडीक माळ वाटण्याचा संभव आहे, आणि हल्लीच्या सरकारी कागदांतही तिच्याकडे साधारण तशाच नजरेने पाहिले जाते. जुन्या शेतकऱ्याच्या हिशोबात मात्र वरकस हा भातशेतीचाच अर्धा भाग होता. खाली कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, भात, आणि वर उतारावर त्या भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी, लागणारी कवळ, म्हणजे ऐन, किंजळ अशा झाडांचा छाटलेला पाला. थंडी सरली की माणसे कोयती घेऊन झाडावर चढत, डहाळ्या उतरवत, त्यांचे भारे बांधून खाली आणत. मग शेण, कवळ, पातेरा म्हणजे वाळका पाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून तरवा टाकायच्या जागेवर भाजावळ होई. या पद्धतीला शेतीतज्ज्ञांनी नावे ठेवली, आणि धुराचा व जळून गेलेल्या सेंद्रिय द्रव्याचा विचार केला तर त्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षे ओरबाडलेली झाडे खुरटतात, हेही खरे. तरीही एक गोष्ट त्या टीकेत निसटली. पुढच्या वर्षी पुन्हा पाला हवा असल्यामुळे झाडाचा बुंधा कोणी तोडत नसे. डोंगर देखणा नव्हता, दाट तर नव्हताच, पण तो झाडांनी धरलेला होता आणि त्याची माती जागच्या जागी होती.

युरियाचे पोते आले तेव्हा या व्यवहाराची गाठ सुटली. साठ-सत्तरच्या दशकांत खत गावात मिळू लागले आणि पाला तोडण्याच्या जिवावरच्या कष्टातून बायामाणसे मोकळी झाली. त्या मोकळिकीला मी वाईट म्हणणार नाही, कारण उंच किंजळीवरून पडून जायबंदी झालेल्या माणसांच्या कथा आमच्याकडे घरोघर आहेत. पण वरकस जमिनीला त्यानंतर काम उरले नाही. काम नसलेली जमीन विकता येते किंवा तिच्यावरची झाडे विकता येतात. कोकणातले पुष्कळसे जंगल वनखात्याचे नाही, खासगी मालकीचे आहे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, परवानग्यांची रीत आहे, आणि त्या चौकटीत राहून किंवा तिच्या कडेकडेने दर सात-आठ वर्षांनी उतार सफाचाट करण्याचा एक धंदा स्थिर झालेला आहे. ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा एकरकमी सौदा करतो, आठवडाभर यांत्रिक करवतींचा आवाज चालतो आणि डोंगर उघडा पडतो. मिळणारी रक्कम ऐकली तर हसू येते. पण ती विनाकष्ट मिळते आणि गणपतीच्या आधी मिळते.

दुसरा बदल १९९० नंतरचा. रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि तिने कोकणाचे रूप पालटले, यात शंका नाही. काजू-आंब्याच्या उत्पन्नावर आमच्या भागात मुलांची शिक्षणे झाली, चिऱ्यांची घरे उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमे, विशेषतः वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, कोणत्याही बागेत नावानिशी ओळखली जातात. अशा पिकाला सरसकट खलनायक ठरवणारे लेख मी वाचले आहेत आणि ते लिहिणाऱ्यांनी काजूच्या पैशाशिवाय आमच्याकडचे एखादे घर चालवून दाखवावे असे मनात येते. माझा आक्षेप काजूला नाही. तो बागेच्या एका विशिष्ट सवयीला आहे, आणि ती सवय तलावाच्या दृष्टीने फार महाग पडते.

काजूची बी झाडाखाली गळते आणि वेचावी लागते. ती पाचोळ्यात हरवू नये म्हणून हंगामाच्या तोंडाला, जानेवारीच्या सुमारास, झाडाखालची जमीन झाडून लख्ख केली जाते आणि गोळा झालेला पातेरा पेटवून दिला जातो. पूर्वी गवत कोयतीने कापत, मग पाठीवरचे गवतकापणी यंत्र आले, आता बऱ्याच ठिकाणी पावसाळ्याच्या अखेरीस तणनाशक मारले जाते. ते स्वस्त पडते आणि मजूर मिळत नाहीत, त्यामुळे बागवाल्याला दोष देणेही अवघड आहे. परिणाम मात्र असा होतो की मे महिन्याच्या शेवटी, नेमका पावसाच्या तोंडावर, उतार पूर्ण उघडा असतो. वर पाचोळा नाही, गवताचे मूळ मेलेले, आणि पहिल्या मोठ्या सरीचे टपोरे थेंब थेट तांबड्या मातीवर आदळतात.

त्या पहिल्या पावसात आमच्या वाडीखाली दोन व्हाळ, म्हणजे ओढे, जेथे एकत्र येतात तेथे उभे राहावे. डावीकडचा व्हाळ देवराहाटीतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून, येतो. त्याचे पाणी काळसर, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे, पण पारदर्शक असते, तळातले दगड दिसतात आणि वर कुजलेली पाने तरंगत येतात. उजवीकडचा काजूच्या उतारावरून येतो. तो दाट तांबडा असतो, हातात धरले तर बोटांच्या रेषांत माती राहते. संगमाच्या खाली काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात आणि मग तांबडा जिंकतो. आणखी एक फरक आहे, तो पाऊस थांबल्यावर कळतो. सर ओसरली की उजवा व्हाळ तासाभरात उतरतो आणि डावा दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढाच वाहत राहतो. डिसेंबरात उजव्यात वाळू असते, डाव्यात पाणी असते.

यामागचे कारण आमच्या जमिनीच्या घडणीत आहे. वर कातळाचा सडा, म्हणजे जांभा दगड. हा दगड घावनासारखा जाळीदार असतो, पाणी त्यातून झिरपत खाली जाते. जांभ्याच्या खाली शेडीचा थर लागतो, मऊ, चिकण, पांढुरकी किंवा जांभळट माती, आणि ती पाण्याला पुढे जाऊ देत नाही. मग अडलेले पाणी उताराच्या कडेला, जांभा आणि शेडी जेथे भेटतात तेथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. विहीर खणणाऱ्या माणसाला हे पुस्तकाविना ठाऊक असते. शेडी लागली की तो हात थांबवून वर बघतो. तलावाला पावसाळ्यानंतर जे पाणी मिळत राहते ते या झऱ्यांचे. त्यासाठी पाण्याने आधी जमिनीत शिरले पाहिजे, आणि शिरण्यासाठी उतारावर ते थोडे रेंगाळले पाहिजे. हे रेंगाळवण्याचे काम मुळे आणि पाचोळा करतात.

येथे एक सूचना जरा कडकपणेच करावीशी वाटते. वृक्षारोपणाचा उत्साह असलेली मंडळी सड्याकडे पाहून हळहळतात, की एवढी मोठी मोकळी जागा वाया चालली आहे, आणि मग यंत्राने कातळ फोडून खड्डे घेतले जातात. सड्यावर झाडे नसणे ही उणीव नाही. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी पसर उमटते, दीपकाडीसारखी फक्त कोकणच्या जांभ्यावरच आढळणारी वनस्पती फुलते, डबक्यांत बेडूक अंडी घालतात, आणि त्या सगळ्या विस्तारावर पडलेले पाणी हळूहळू खाली उतरते. तेथे खड्डे खणून लावलेली रोपे पहिल्या एप्रिलात करपतात. पाणी उतरण्याच्या वाटा तेवढ्या विस्कटतात. झाडे उताराची आहेत, व्हाळाच्या काठाची आहेत. सडा सड्यासारखाच राहू द्यावा.

उतारावरही लावणीपेक्षा राखण अधिक उपयोगी पडते, हे मला आमच्या आबाकाकांनी दाखवले. त्यांनी आयुष्यभर कवळ तोडली आहे, त्यामुळे झाडाच्या वाढीविषयीचे त्यांचे ज्ञान कोयतीच्या टोकाशी असते. मी रोपवाटिकेतून रोपे आणायच्या गोष्टी करत होतो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “नवी लावतलस ती लाव, पण आधी आसत ती जगय.” मग ते मला तोड झालेल्या आमच्याच उतारावर घेऊन गेले. वरवर पाहता तेथे रानमोडी आणि काटेरी झुडपांखेरीज काही नव्हते. त्यांनी कमरेच्या आकडीतून कोयती काढली, झुडपे बाजूला केली आणि ऐनाचा एक खुंट उघडा केला. खुंट मेलेला नव्हता. त्याच्या कडेने धुमाऱ्यांचे अख्खे झुडूप फुटले होते, काही करंगळीएवढे, काही अंगठ्याएवढे, आणि सगळेच एकमेकांच्या उन्हावर टपलेले. काकांनी खाली बसून प्रत्येक धुमारा मुळाशी हलवून पाहिला. खुंटाच्या वरच्या कडेवरून निघालेले त्यांनी पहिल्यांदा छाटले, कारण ते वाऱ्यात सालीसकट उपटतात. जमिनीलगत फुटलेले मागे ठेवले, कारण त्यांना पुढे स्वतःची मुळे धरता येतात. त्यातूनही सरळ वाढणारे दोन निवडले, बाकीचे उतरवले आणि उतरवलेला पाला खुंटाभोवतीच पसरून ठेवला. “दोन कित्याक?” असे मी विचारले, त्यावर उत्तर आले, “येक गुरांचो.”

या खुंटाची मुळे कित्येक वर्षांची, खोलवर गेलेली असतात. त्यामुळे निवडलेला धुमारा एका पावसाळ्यात जेवढा वाढतो तेवढे रोपवाटिकेतले रोप तीन पावसाळ्यांतही वाढत नाही, आणि त्याला उन्हाळ्यात पाणी घालावे लागत नाही. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, धामण, जांभूळ ही सगळी झाडे अशी खुंटातून परत येतात. त्यांना वणव्यापासून वाचवले, म्हणजे जानेवारीत उताराच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढली, गुरे काही वर्षे बाहेर ठेवली आणि पुढचा सौदा टाळला, की जंगल स्वतःच उभे राहते. फलक लावण्याजोगे किंवा हातात रोप धरून छायाचित्र काढण्याजोगे यात काही नसते, हीच या पद्धतीची मोठी अडचण आहे. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्याकडेने आणि उतारांवर जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली तिची मोजणी सोपी होती. ती भराभर वाढली, आकडे भरले. आज तिच्याखाली उभे राहिले तर पायाखाली न कुजणाऱ्या कोरड्या पानांचा जाड थर करकरतो, त्यात दुसरे फारसे काही उगवत नाही आणि ठिणगी पडली तर तो पेट्रोलसारखा पेटतो.

लावणी लागते ती जेथे खुंटही उरलेले नाहीत तेथे आणि व्हाळाच्या काठांवर. त्यासाठी बी कोठून आणायचे, हा प्रश्न आमच्याकडे देवराहाटीमुळे सुटतो. सुरंगी, सातवीण, काजरा, भेरली माड, रानजायफळ अशी बागेत कोणी मुद्दाम न लावणारी झाडे तेथे जुनी आणि फळती उरली आहेत. यातल्या पुष्कळ झाडांचे बी साठवून ठेवता येत नाही. जांभळाचे, फणसाचे बी जसे वाळले की मेलेच, तशीच गत अनेक सदाहरित झाडांची. फळ पडल्यावर काही दिवसांत ते मातीत गेले पाहिजे. निसर्गात हे काम माडगरुड, म्हणजे धनेश पक्षी, आणि उदमांजर करतात. फळ खाऊन माडगरुड जेथे बसतो तेथे बी पडते. पण त्याला बसायला उंच झाड आणि घरट्यासाठी ढोली असलेला जुना वृक्ष लागतो, तो तोडलेल्या उतारावर नसतो. म्हणून मधली काही वर्षे ते काम माणसाने करायचे. जूनच्या आधी राहाटीच्या कडेला पडलेली फळे वेचायची, गावाला विचारून आणि देवाला गाऱ्हाणे घालून. गाऱ्हाण्याची गरज काय, असे शहरातून आलेल्या एका मित्राने विचारले होते. ज्या जागेतून काडीही उचलायची नाही या भीतीने ती जागा टिकली, तेथून पिशवी भरून काही नेताना चार माणसांसमोर तसे सांगणे मला तरी रास्त वाटते. अलीकडे देवळांचे जीर्णोद्धार मोठे होऊ लागले आहेत आणि सभामंडपासाठी राहाटीतलीच झाडे तोडली जाऊ लागली आहेत. भीती ओसरली की राहाटीचेही वरकस होते.

धामापूरच्या भगवतीची एक कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नकार्यात दागिने नसलेल्या घरची माणसे फुलांची परडी तलावात सोडत आणि देवी तीत दागिने भरून देत असे. कार्य झाले की ते परत करायचे. पुढे कोणीतरी परत केले नाहीत आणि देणे बंद झाले. अशा कथा महाराष्ट्रात इतरही तळ्यांच्या सांगतात, त्यामुळे तिच्यात इतिहास शोधण्यात हशील नाही. मला तिच्यातला व्यवहार ओळखीचा वाटतो: सामाईक खाते होते, बुडवले एकाने आणि बंद सगळ्यांचे झाले. आमच्या सातबाऱ्याकडे पाहताना ती कथा हमखास आठवते.

आता शेतीकडे येतो, कारण माझा सगळा भर तेथेच आहे. उतारावरचे जंगल टिकायचे असेल तर खालच्या शेताला आणि घराला त्याची पुन्हा गरज लागली पाहिजे. जुनी कवळ परत आणा असे मी सुचवत नाही. तेवढी माणसेच गावात नाहीत. पण काजूखालचा पातेरा जाळण्याऐवजी खाली आणता येतो. आम्ही तो उताराला आडव्या चरांत भरतो, वर थोडे शेण टाकतो आणि दुसऱ्या वर्षी काळे झालेले खत मिरीच्या आणि माडाच्या आळ्यात जाते. बी वेचण्यासाठी सगळा उतार झाडायची गरजही नसते. झाडाच्या घेराएवढे वर्तुळ साफ केले तरी पुरते, मधल्या पट्ट्यांत गवत घोट्याइतके ठेवून कापायचे. चरांच्या कडेने वाळा लावला आहे. त्याची मुळे सरळ खाली जातात आणि माती अडवतात, शिवाय गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत.

भातासाठी कोकणातच घडलेली चारसूत्री पद्धत आहे आणि तिचा तलावाशी असलेला संबंध पुरेसा सांगितला जात नाही. या पद्धतीत भाताचे तूस जाळून केलेली राख तरव्याला देतात, पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडतात, चूड, म्हणजे रोपांची जुडी, दोरीवर नेमक्या अंतराने, म्हणजे एकाआड एक १५ आणि २५ सेंटिमीटरवर, लावतात आणि चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. वरून विस्कटून दिलेल्या युरियाचा मोठा हिस्सा आमच्या धो धो पावसात शेताबाहेर जातो, पाटात, व्हाळात आणि शेवटी तळ्यात. खोचलेली गोळी चिखलात राहते, हळूहळू विरघळते आणि मुळांना मिळते. खत कमी लागते, पीक वाढते, आणि पाण्यात शेवाळाला खाद्य जात नाही. गोळी खोचण्याचे काम कंबर मोडणारे आहे, त्यामुळे पद्धत उत्तम असूनही ती सगळीकडे पसरली नाही. शेतीतल्या किती चांगल्या कल्पना कमरेपाशी अडतात याचा कोणी अभ्यास करायला हवा. गिरिपुष्प मात्र मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, सहज जगते. ते परके झाड आहे, हे मला ठाऊक आहे, पण ज्या मेरेवर ते आहे तेथला शेतकरी पाल्यासाठी डोंगरावर जात नाही, म्हणून त्याला मी माफ करतो.

तलावाच्या पाण्यावर होणारे वायंगण, म्हणजे हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात कापायचे भात, कमी कमी होत चालले आहे. कुणगे पड टाकले की मेरा फुटतात, आणि फुटलेल्या मेरेतून वर्षानुवर्षे साठवलेली काळी माती निघून जाते. पडीक भातजमीनही अशा रीतीने गाळच पुरवते. पड टाकण्याची कारणे आळसाची नाहीत. गवे आणि रानडुकरे एका रात्रीत पीक लोळवतात, केळडी, म्हणजे माकडे, तर दिवसाढवळ्या येतात. दुसऱ्याला कसायला द्यावे तर १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती अजून मनात घट्ट आहे. मुंबईतला मालक म्हणतो, पड राहिली तरी चालेल, पण कोणाचे नाव लागायला नको. ज्यांनी वालय, बेळा, सोरटी ही जुनी बियाणी राखली आहेत त्यांच्या तांदळाला ओळखीतून बऱ्यापैकी भाव मिळू लागला आहे आणि त्यामुळे आमच्या वाडीतले काही कुणगे पुन्हा चिखलले गेले, एवढे मात्र पाहिले आहे.

व्हाळाच्या काठासाठी माझे लाडके झाड रातांबा, म्हणजे कोकमाचे झाड. सदाहरित, सावलीत वाढणारे, फवारणी न मागणारे, काठ घट्ट धरणारे. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण अर्धी झाडे नर निघतात आणि ती फळत नाहीत, म्हणून लोक ती तोडतात. कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृता किंवा कोकण हातिसच्या कलमांनी हा प्रश्न सुटतो, परंतु जंगलाच्या कडेला मी रोपेच लावतो. नर झाडही काठ धरते, आणि मधमाशीला त्याचे वावडे नाही. फळ एप्रिल-मेमध्ये येते, साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या असतात आणि वळवाची एक सर सगळा खटाटोप बुरशीत घालवते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी व्यापारी आमसूल घेताना बोट दाखवून काळे पडलेले तुकडे मोजतो. गावात चांगले वाळवणी यंत्र आले तर राहाटीखालच्या व्हाळाचे भले होईल, असे मी म्हणतो तेव्हा लोकांना तो विनोद वाटतो.

राहिला मालकीचा प्रश्न. आमचा उतार सामाईक आहे आणि सातबाऱ्यावरची नावे वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागतो. काही भाऊबंद मुंबईत, काही पुण्यात, एक कुटुंब बडोद्यात. ठेकेदाराला एका सहीत जेवढे जमते तेवढे राखणाऱ्याला जमत नाही, कारण तोडण्यासाठी सगळ्यांना एकदाच राजी करायचे असते आणि राखण्यासाठी दरवर्षी. गेल्या गणपतीत सगळे जमले असताना आम्ही असे ठरवले की वरच्या निम्म्या उताराचा सौदा पुढची पंधरा वर्षे करायचा नाही, खालच्या निम्म्यात खुंटांना मिरीचे वेल चढवायचे, व्हाळाला रातांबे लावायचे आणि उत्पन्न हिश्श्याने वाटायचे. बहुतेकांनी सह्या केल्या. बडोद्याच्या दादाने केलेली नाही. तो म्हणतो, दर आठ वर्षांनी ठेकेदार देतो तेवढी रक्कम मिरी-कोकमातून कशी सुटेल ते कागदावर दाखवा, मग बोलू. त्याचे म्हणणे बरोबर आहे. सध्या मी आणि आबाकाका तो कागद करत आहोत. झऱ्याच्या पाण्याची किंमत त्यात धरायची असा माझा आग्रह आहे आणि काकांचे म्हणणे असे की, दादा बडोद्यात राहतो, त्याला पाणी नळाला येते, तेव्हा मिरीचाच आकडा नीट काढावा आणि वेल तिसऱ्या वर्षी धरतात की चौथ्या, ते आधी चार बागांत जाऊन विचारून यावे.